जोड कार्ब्युरेटरांचे संतुलन : हलकी विमान-एंजिने आणि अहमदनगर

पेट्रोलवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनात इंधनाचे बारीक तुषार करून ते योग्य प्रमाणात हवेत मिसळणाऱ्या साधनास कार्ब्युरेटर म्हणतात. लहान विमानांच्या काही एंजिनांत एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसविलेले असतात व प्रत्येक कार्ब्युरेटर एंजिनाच्या निम्म्या सिलिंडरांना मिश्रण पुरवितो. हे दोन्ही कार्ब्युरेटर सर्व वेगांत सारखेच काम करतील अशा रीतीने जुळविण्याच्या क्रियेला त्यांचे संतुलन म्हणतात. महाराष्ट्रात या विषयाचा संबंध प्रामुख्याने अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) या शहराशी येतो. तेथे विमाने बांधली जात नाहीत. परंतु विमान-एंजिनांपासून उत्पन्न झालेल्या रणगाडा-एंजिनांशी तेथील सैनिकांचा दीर्घकाळ संबंध आला आणि पुढे वैमानिकरहित विमानाच्या देशी एंजिनाची इंधन-यंत्रणा याच शहरात सिद्ध झाली.

कार्ब्युरेटरचे तत्त्व साधे आहे. हवेची वाट मध्येच आकुंचित केली की तेथे हवेचा वेग वाढतो व दाब कमी होतो. या आकुंचित भागात, म्हणजे व्हेंचुरीत, इंधनाची बारीक नळी उघडली की दाबातील फरकामुळे इंधन आपोआप वर खेचले जाते. वजनाने एक भाग पेट्रोलास सु. १५ भाग हवा असल्यास ज्वलन पूर्ण होते. जास्तीत जास्त शक्तीसाठी हवा साडेबारा ते तेरा भागांपर्यंत कमी ठेवावी लागते. जर्मन अभियंते व्हिल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये प्लवक-कोठी व प्रोथ असलेला तुषार-कार्ब्युरेटर बनविला. त्याच वर्षी हंगेरीत बांकी व चोंका यांनीही स्वतंत्रपणे असेच साधन बनविले होते. राइट बंधूंच्या १९०३ च्या बारा अश्वशक्तीच्या एंजिनावर मात्र खऱ्या अर्थाने कार्ब्युरेटर नव्हताच. सिलिंडरांवरील एका उथळ कोठीत पेट्रोल ठिबकत असे व तेथील उष्णतेने त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळत असे. पहिले यशस्वी उड्डाण इतक्या ओबडधोबड साधनावर झाले, यावरून त्या काळी एंजिनाकडून फार थोड्या अपेक्षा होत्या असे दिसते. एकाच वेगाने, काही सेकंद, जमिनीलगत चालणाऱ्या एंजिनाला मिश्रणाच्या सूक्ष्म नियमनाची गरज नव्हती.

ही गरज विमान उंच जाऊ लागल्यावर उत्पन्न झाली. उंचीबरोबर हवा विरळ होते; पण व्हेंचुरीत खेचले जाणारे इंधन त्या प्रमाणात घटत नाही. हवेचे वस्तुमान घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते, तर तेवढ्याच दाबफरकाला इंधन पूर्वीइतकेच येत राहते. परिणामी मिश्रण इंधनाधिक होते, ठिणगी-गुडीवर काजळी धरते व शक्ती घटते. म्हणून बहुतेक विमानांत वैमानिकाच्या हाताशी मिश्रण-नियंत्रक तरफ देण्यात आली. दुसरा मार्ग स्थिर-निर्वात कार्ब्युरेटरचा होय. इंग्लंडमधील स्किनर बंधूंनी १९०५ च्या सुमारास विकसित केलेल्या या प्रकारात व्हेंचुरीचा आकार स्थिर नसतो. हवेच्या प्रवाहानुसार एक दट्ट्या वरखाली होऊन वाट लहान-मोठी करतो व त्याला जोडलेली निमुळती सुई त्याच वेळी इंधनाचे छिद्र कमी-अधिक उघडते. पुढे हलक्या विमान-एंजिनांत जे जोड कार्ब्युरेटर प्रचारात आले, त्यांत या तत्त्वाचे महत्त्व मोठे आहे.

प्लवकावर चालणाऱ्या कार्ब्युरेटरची आणखी एक मर्यादा दुसऱ्या महायुद्धात ठळकपणे दिसून आली. प्लवक हा गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर काम करतो. विमानाने एकदम नाक खाली घातले की इंधन कोठीच्या छताकडे धाव घेते व एंजिन क्षणभर गुदमरते. ब्रिटिश लढाऊ विमानांच्या मर्लिन एंजिनातील हा दोष बीॲट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने १९४१ मध्ये इंधनमार्गात ठरावीक छिद्राची एक लहानशी चकती बसवून बराचसा दूर केला. धातूच्या एका चकतीने इतका मोठा प्रश्न सुटल्याची उदाहरणे एंजिनांच्या इतिहासात विरळाच.

दोन कार्ब्युरेटरांची आवश्यकता : अमेरिकन बनावटीच्या परंपरागत चार-सिलिंडरी हलक्या एंजिनांत साधारणपणे एकच कार्ब्युरेटर एंजिनाच्या तळाशी असतो. हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याने १९५८ मध्ये उड्डाण केलेल्या ‘पुष्पक’ या दोन आसनी विमानात कॉन्टिनेंटल कंपनीचे ९० अश्वशक्तीचे असेच एंजिन होते व उड्डाण-मंडळांतील यांत्रिकांच्या एका पिढीचे शिक्षण त्यावर झाले. या रचनेत लांब नळ्यांतून मिश्रण वाटले जात असल्याने टोकाच्या सिलिंडरांना ते सारखे मिळत नाही. समोरासमोर सिलिंडर असलेल्या एंजिनात दोन्ही बाजूंना एकेक कार्ब्युरेटर दिल्यास नळ्या आखूड होतात, वाटप सुधारते व थंड हवेत इंधन नळीच्या भिंतींवर साचत नाही. ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीच्या १९८९ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘९१२’ या एंजिनाने ही रचना जगभर रूढ केली. त्यात चार सिलिंडर समोरासमोर असून सिलिंडर हवेने व त्यांची टोपणे द्रवाने थंड केली जातात. ८० अश्वशक्तीच्या प्रकाराची धारिता १,२११ घ. सेंमी. आहे. एंजिन मिनिटास ५,८०० पर्यंत फेरे घेते व प्रचालक मात्र २.२७ : १ प्रमाणाच्या दंतचक्रपेटीतून हळू फिरविला जातो. दोन्ही बाजूंना बिंग या जर्मन कंपनीचे स्थिर-निर्वात कार्ब्युरेटर असतात. उंचीनुसार होणारा मिश्रणातील फरक ते बव्हंशी स्वतःच भरून काढत असल्याने वैमानिकाला मिश्रण-तरफ द्यावी लागत नाही.

संतुलनाची क्रिया : दोन कार्ब्युरेटरांचे लाभ मिळतात ते दोन्ही समान चालले तरच. एका बाजूची थ्रॉटल झडप दुसरीपेक्षा किंचित अधिक उघडी राहिली, तर त्या बाजूचे सिलिंडर अधिक जोर लावतात व दुसऱ्या बाजूचे जणू ओढत नेले जातात. हा फरक पूर्ण गतीला जाणवत नाही. त्या वेळी दोन्ही झडपा जवळजवळ पूर्ण उघड्या असतात व अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने हवेच्या वाटेत नगण्य फरक पडतो. मंदगतीत मात्र झडप केसभर उघडी असते आणि तेवढीच चूक हवेचे प्रमाण कित्येक पटींनी बदलू शकते. एंजिन जोरात गुळगुळीत चालते आणि धावपट्टीवर उभे असताना थरथरते, अशी तक्रार आली की अनुभवी यांत्रिकाचा पहिला संशय कार्ब्युरेटरांच्या जुळणीवर जातो, त्याचे कारण हेच. हा थरथराट केवळ त्रासदायक नसतो. दंतचक्रपेटी असलेल्या एंजिनात त्याचे आघात दातांवर बसतात, कार्ब्युरेटर धरून ठेवणाऱ्या रबरी जोडांना भेगा पडतात आणि प्लवक-कोठीतील इंधन फेसाळून मिश्रण आणखीच बिघडते. थोडक्यात, असंतुलन स्वतःला वाढवीत नेते.

संतुलन दोन टप्प्यांत केले जाते. प्रथम एंजिन बंद ठेवून यांत्रिक जुळणी करतात. थ्रॉटलच्या एका तरफेपासून दोन तारा दोन कार्ब्युरेटरांकडे जातात. त्यांचा ढिलेपणा सारखा करून दोन्ही झडपा एकाच क्षणी आपल्या अडसरापासून सुटतात व एकाच क्षणी पूर्ण उघडतात, याची खात्री करून घेतात. तारेच्या आवरणाला कोठे तीव्र वळण असेल, तर तार ओढताना व सोडताना वेगवेगळी वागते. अशा वेळी स्क्रूशी झटापट करण्यात अर्थ नसतो. आधी तारेचा मार्ग बदलणे इष्ट. दुसरा टप्पा चालू एंजिनावर होतो. दोन्ही बाजूंच्या शोषण-नळ्या एका समतोल-नळीने जोडलेल्या असतात. ती लहानसहान असमानता झाकून टाकते, म्हणून मापनापुरती काढावी लागते आणि तिच्या दोन टोकांना दोन निर्वातमापके जोडतात. एंजिन कार्यकारी तापमानास आल्यावर मंदगतीला दोन्ही मापकांचे काटे सारखे येईपर्यंत अडसर-स्क्रू फिरवितात. नंतर मिनिटास सु. २,५०० फेऱ्यांना तारांची लांबी सुधारून पुन्हा काटे जुळवितात. एक टप्पा जुळविला की दुसरा थोडा ढळतो, म्हणून ही फेरी दोन-तीनदा करावी लागते. मापके जोडण्यापूर्वी ती एकाच नळीवर आलटून पालटून लावून परस्परांशी जुळतात की नाही हे पाहणे आवश्यक असते. दोन खोट्या मापकांनी केलेले संतुलन कानाने केलेल्या संतुलनापेक्षा वाईट. सर्व काम फिरत्या प्रचालकाच्या पाठीमागे हातभर अंतरावर करावयाचे असल्याने विमान दोरांनी जखडून ठेवणे व मदतनीसाने थ्रॉटलवरून हात न काढणे हे नियम कसोशीने पाळले जातात. बिंग कार्ब्युरेटरवरील स्प्रिंगा झडप उघडण्याच्या दिशेने ओढतात. तार तुटल्यास हवेत विमानाला शक्ती मिळत राहावी हा त्यामागील हेतू. परंतु त्यामुळेच, जमिनीवर तार सुटी केली तर एंजिन एकदम पूर्ण गतीला जाते.

संतुलन वारंवार बिघडू लागले तर दोष बहुधा स्क्रूत नसून इतरत्र असतो. प्लवक इंधन शोषून जड होतात, कोठीतील पातळी वाढते व त्या बाजूचे मिश्रण इंधनाधिक होते. दोन प्लवकांचे मिळून वजन ७ ग्रॅमपेक्षा जास्त भरल्यास ते बदलावेत असा दंडक आहे. इतक्या लहान वजनावर चार सिलिंडरांपैकी दोघांचे आरोग्य अवलंबून असते.

अहमदनगर व विमान-एंजिनांची भूवरील संतती : अहमदनगर येथे १९४८ मध्ये चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय स्थापन झाले. त्या काळच्या रणगाड्यांना लागणारी प्रचंड शक्ती मोटारींच्या एंजिनांतून मिळत नसल्याने त्यांत विमानाची एंजिने बसविण्याची प्रथा होती. अमेरिकन शेर्मन रणगाड्याच्या काही प्रकारांत नऊ सिलिंडरांचे ताराकृती विमान-एंजिन असे. ब्रिटिश सेंच्युरियन रणगाड्याचे २७ लि. धारितेचे ‘मीटिऑर’ एंजिन म्हणजे स्पिटफायर विमानातील मर्लिन एंजिनाचेच अतिभरक काढून टाकलेले रूप होय आणि त्यावर झेनिथ जातीचे दोन कार्ब्युरेटर असत. १९६५ च्या युद्धात भारतीय सैन्याने वापरलेले हे रणगाडे चालविणाऱ्या व सांभाळणाऱ्या जवानांच्या प्रशिक्षणाचे माहेरघर अहमदनगर होते. जोड कार्ब्युरेटरांच्या समतोलाचा प्रश्न अशा रीतीने विमानतळ नसलेल्या या शहरात रणगाड्यांच्या पोटातून आला. याहून अवघड उदाहरण ब्रह्मदेशाच्या मोहिमेत भारतीय रणगाडा-पलटणींनी वापरलेल्या शेर्मनच्या एका प्रकाराचे आहे. त्यात मोटारीची पाच एंजिने एका दंडाभोवती एकत्र बांधून ३० सिलिंडरांचे एक एंजिन केलेले होते व पाच कार्ब्युरेटर एकाच वेळी जुळवावे लागत. सुरुवातीच्या रचनेत हे काम इतके जिकिरीचे ठरले की पुढे सर्व कार्ब्युरेटर वरच्या बाजूस एका ओळीत आणण्यात आले. या काळातील काही रणगाडे अहमदनगरच्या १९९४ मध्ये सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात पाहावयास मिळतात; मात्र प्रेक्षकांचे लक्ष तोफांवर खिळते व एंजिने झाकलेलीच राहतात.

फाळणीनंतर, १९४७ मध्ये, चकलाला येथील लष्करी वाहनांची तांत्रिक संस्था अहमदनगरला हलविण्यात आली. तिच्यातूनच पुढे संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था उभी राहिली. मार्च १९७६ मध्ये रणगाड्यांचे काम मद्रासजवळील अवडी येथील स्वतंत्र प्रयोगशाळेकडे गेले व अहमदनगरकडे प्रामुख्याने चाकांच्या वाहनांचे काम राहिले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अनुसार नवीन वाहनांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचा अधिकार असलेल्या संस्थांत तिचा समावेश आहे. एंजिन कसोटी-मंचावर चढवून त्याचे इंधन, धूर व शक्ती मोजण्याचे काम येथे नित्याचे झाले. शहरातील कायनेटिक एंजिनिअरिंगच्या कारखान्यात १९७२ पासून ‘लूना’ ही ५० घ. सेंमी. एंजिनाची दुचाकी तयार होऊ लागल्याने नागरी जीवनातही कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरविणारे हात गल्लोगल्ली निर्माण झाले होते.

अहमदनगर समुद्रसपाटीपासून सु. ६५० मी. उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सु. साडेसात टक्क्यांनी कमी असतो. वैशाखात पारा ४० अंश से. पर्यंत चढला म्हणजे हवेची घनता प्रमाण-हवेच्या तुलनेने सु. १५ टक्क्यांनी घटते. प्रमाण-हवेत जुळविलेल्या साध्या कार्ब्युरेटरमधील मिश्रण अशा दुपारी आठेक टक्क्यांनी इंधनाधिक होते. हिवाळ्यातील पहाटे तेच एंजिन वेगळे वागते. मोटारीत हा फरक चालकाच्या पायाखाली विरून जातो. विमानात तो उड्डाणास लागणाऱ्या धावपट्टीच्या लांबीत मोजला जातो.

वैमानिकरहित विमानाचे एंजिन : लष्कराच्या टेहळणीसाठी बंगलोर येथील वैमानिकी विकास संस्थेने ‘निशांत’ हे वैमानिकरहित विमान विकसित केले. त्याचे पहिले उड्डाण १९९५ मध्ये झाले. सु. ३८० किग्रॅ. वजनाचे हे विमान वाहनावरील क्षेपकाने फेकून हवेत सोडले जाई व हवाई छत्रीने उतरविले जाई. त्याला ब्रिटिश बनावटीचे वांकेल प्रकारचे एंजिन होते. अशा एंजिनांचा पुरवठा परदेशाच्या मर्जीवर अवलंबून असतो आणि टेहळणी विमानांच्या बाबतीत ती मर्जी केव्हा फिरेल याचा नेम नसतो. म्हणून ५५ अश्वशक्तीचे देशी वांकेल एंजिन बनविण्याचे काम तीन संस्थांनी वाटून घेतले. बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने मिश्रधातूंची ओतीव अंगे व आतील भिंतीवरील निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा लेप यांसह एंजिनाचा गाभा तयार केला. अहमदनगरच्या संस्थेने प्रज्वलन व इंधन-यंत्रणा यांसारखी सहायक अंगे विकसित केली आणि वैमानिकी विकास संस्थेने उड्डाण-चाचण्या घेतल्या. एंजिनाचे वजन सु. ३० किग्रॅ. होते.

वांकेल एंजिन हे नाव जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्यावरून पडले असून असे पहिले एंजिन १९५७ मध्ये चालले. त्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या नसतो. फुगीर बाजूंचा त्रिकोणी घूर्णक लंबगोलसदृश पोकळीत फिरतो व त्याच्या तीन बाजूंवरील तीन कोठ्यांत क्रमाने शोषण, संपीडन, ज्वलन व निष्कास या क्रिया घडतात. या रचनेत संतुलनाचा जुना प्रश्न मुळातूनच नाहीसा होतो. तिन्ही कोठ्या एकाच द्वारातून, एकापाठोपाठ एक श्वास घेतात. त्यामुळे उजवी-डावी अशी बाजूच उरत नाही. परंतु एक प्रश्न सुटला तरी दुसरे तीन पुढे उभे राहतात. ज्वलनकोठी लांबट व चपटी असल्याने विरल मिश्रण नीट पेटत नाही. मिश्रण फार विरल झाले तर तापमान चढून घूर्णकाच्या टोकांवरील पट्ट्या झिजतात. शिवाय क्षेपकावरून सुटताना विमान अवघ्या अर्ध्या-पाऊण सेकंदात सु. ४५ मी. प्रतिसेकंद वेग घेते, म्हणजे त्यातील प्रत्येक वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या सातपट जोर येतो. प्लवक-कोठीत या क्षणी इंधनाची पातळी जवळजवळ उभी होईल. नेमक्या याच क्षणी एंजिनाने पूर्ण शक्ती द्यावयाची असते. शिलिंग यांच्यासमोर आलेल्याच प्रश्नाचे हे आडवे रूप होय.

सर्वांत मोठा भेद मनुष्याच्या अनुपस्थितीचा आहे. हलक्या विमानाचा वैमानिक एंजिनाचा आवाज ऐकतो, आसनाखालचे कंपन ओळखतो आणि थ्रॉटल किंवा मिश्रण-तरफ हलवितो. यंत्रणेतील उणीव तो नकळत भरून काढीत असतो. निशांतची कमाल उंची सु. ३,६०० मी. होती. इतक्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सु. ७० टक्के असते व नियमन नसलेल्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण सु. २० टक्क्यांनी इंधनाधिक होते. वैमानिक नसलेल्या विमानात ही दुरुस्ती इंधन-यंत्रणेनेच करावयाची असते. वाहनांवर वाढलेल्या संस्थेची कसोटी येथे लागली. रस्त्यावरील वाहन बंद पडले तर ते ढकलत नेता येते. आकाशात एंजिन थांबले की उरते ती केवळ हवाई छत्री.

देशी एंजिन बसविलेल्या निशांतचे पहिले उड्डाण एप्रिल २००९ च्या आरंभी, कर्नाटकातील कोलारजवळ दुसऱ्या महायुद्धातील एका वापरात नसलेल्या धावपट्टीवरून झाले. विमान १.८ किमी. उंचीवर गेले, तेथे ३५ मिनिटे राहिले व एकूण ४० मिनिटांनी एका कोरड्या तलावात सुखरूप उतरले. कर्तृत्व मोठे होते. त्याचा उपयोग मात्र अपेक्षेप्रमाणे झाला नाही. सैन्याला मिळालेली चारही निशांत विमाने अपघातांत नष्ट झाली व नोव्हेंबर २०१५ मध्ये पुढील खरेदी रद्द करण्यात आली. ज्या विमानासाठी एंजिन घडविले तेच मागे पडले, की त्याच्या एंजिनालाही मागणी उरत नाही. वैमानिकी उद्योगात हे अनेक देशांत घडले आहे. हाती राहिले ते एंजिनाची इंधन-यंत्रणा स्वतः आखून आकाशात सिद्ध करण्याचे ज्ञान, आणि ते विकत मिळत नाही.

अलीकडील स्थिती : वांकेल एंजिनाचा गाभा बनविणाऱ्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनेच ‘हंस-३’ हे दोन आसनी शिक्षण-विमान विकसित केले व त्यात रोटॅक्सचे ‘९१४’ हे एंजिन वापरले. या एंजिनात टर्बो-अतिभरक असला, तरी कार्ब्युरेटर दोनच असून त्यांच्या प्लवक-कोठ्यांनाही अतिभरकाचा दाब पुरवावा लागतो. नौदल व वायुसेना वापरीत असलेल्या इझ्रायली ‘हेरॉन’ या वैमानिकरहित विमानातही हेच एंजिन आहे. म्हणजे दोन कार्ब्युरेटरांचा समतोल तेथे कानाच्या साहाय्याविना तासन्‌तास टिकावा लागतो. राष्ट्रीय छात्रसेना, वायुसेना व नौदल यांच्यासाठी २०१५ मध्ये स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीशी १९४ अतिहलक्या विमानांचा करार झाला. त्यांचे एंजिन ८० अश्वशक्तीचे ‘९१२’ असल्याने निर्वातमापकांची जोडी हे या विमानांच्या देखभालीतील नित्याचे उपकरण ठरले.

रोटॅक्सने २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपणाचा ‘९१२ आयएस’ हा प्रकार आणला. त्यात हवेचा दाब व तापमान मोजून प्रत्येक सिलिंडरच्या द्वाराशी स्वतंत्रपणे इंधन सोडले जाते व थ्रॉटल झडप एकच असते, त्यामुळे जुळवावयाचे असे काही उरत नाही. ३ सप्टेंबर २०२१ रोजी उड्डाण केलेल्या ‘हंस’च्या नव्या आवृत्तीत हेच एंजिन आहे. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषणविषयक मानकांमुळे नव्या दुचाकी वाहनांतूनही कार्ब्युरेटर बव्हंशी हद्दपार झाला. जुन्या विमानांत तो अजून काम करीत आहे. संतुलन पुरे झाल्यावर मापके काढून समतोल-नळी पुन्हा बसवितात, तिच्या पकडी घट्ट करतात आणि एंजिन आणखी एकदा चालवून पाहतात. ही नळी बसविण्याचे राहून गेले किंवा तिचा जोड ढिला राहिला, तर त्या बाजूने परकी हवा आत शिरून जुळविलेले सर्व काम पहिल्याच उड्डाणात फुकट जाते.